ड्रॉवरमधली चावी

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला इथे बोलवताना सांगितलं होतं की सरकारी कार्यालयात काम करण्याचा अनुभव सांगा, मुलांना प्रेरणा मिळेल. प्रेरणा देणं मला जमत नाही. मी सॉफ्टवेअरचा माणूस. काय बिघडलं, का बिघडलं आणि पुन्हा बिघडू नये म्हणून काय केलं, एवढंच मला सांगता येतं. आज तेच सांगतो. त्यातली एक चूक माझी आहे, तीही सांगतो.

इंजिनिअरिंग झाल्यावर सात-आठ वर्षं मी खासगी कंपन्यांत काम केलं. मग एका नागरी संस्थेच्या निविदा कक्षात कंत्राटी पद्धतीवर कक्षप्रमुखाची जागा निघाली. ई-निविदेची माहिती असलेला माणूस त्यांना हवा होता. पगार निम्म्याहून कमी. अब्बा म्हणाले, "सरकारी ऑफिसात आपली माणसं किती आहेत? जा तू." मी गेलो. संस्थेचं नाव सांगणार नाही. त्याची गरजही नाही, कारण मी सांगतोय ते कुठेही घडू शकतं.

निविदा कक्ष म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. तुमच्या गल्लीत गटार बांधायचं ठरलं की प्रथम अंदाजपत्रक होतं. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. मग निविदा सूचना निघते आणि महाटेंडर्ससारख्या पोर्टलवर चढते. ठेकेदार अनामत रक्कम भरून दोन लिफाफे टाकतात. एक तांत्रिक, म्हणजे कागदपत्रं आणि अनुभव. दुसरा आर्थिक, म्हणजे दर. आधी पहिला उघडतात, त्यात जे पात्र ठरतात त्यांचाच दुसरा उघडतात. तुलनात्मक तक्ता होतो, सर्वात कमी दराच्या ठेकेदाराला मान्यता मिळते, करारनामा होतो, कार्यारंभ आदेश निघतो. काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिका आणि तिच्यावरून देयक. या साखळीतली मधली सगळी कडी आमच्या कक्षात. माणसं पाच. एक ज्येष्ठ लिपिक, दोन कनिष्ठ लिपिक, एक शिपाई आणि एक डेटा ऑपरेटर. ऑपरेटर एजन्सीमार्फत आलेला, चोवीस वर्षांचा, महिन्याला चौदा हजार हातात पडायचे.

पहिल्या दिवशी मी ठरवलं की या लोकांना शिस्त लावायची. पंधरा दिवसांत कळलं की शिकायचं मलाच आहे. ज्येष्ठ लिपिक मॅडमना नुसता फाइलचा गठ्ठा पाहून कळायचं की आत तांत्रिक मान्यतेचा कागद नाही. त्या मला म्हणाल्या, "सर, संगणकाला खोटं सांगता येतं, फाइलला नाही. फाइलवर तारीख असते." तेव्हा मी हसलो होतो. नंतर त्याच वाक्याने मला वाचवलं.

आता ड्रॉवरकडे येतो. ई-निविदेत प्रत्येक अधिकाऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचं टोकन मिळतं. पेन ड्राइव्हसारखं दिसतं, त्याला पिन असतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या स्वाक्षरीला हाताच्या सहीसारखीच मान्यता आहे. रचना अशी की मसुदा एकाने तयार करायचा आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने वाचून आपल्या टोकनने प्रसिद्ध करायचा. लिफाफेही नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या टोकनांशिवाय उघडत नाहीत. एकट्या माणसाला काहीच करता येऊ नये, हा सगळ्याचा हेतू.

आमच्याकडे सगळी टोकनं ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये होती. प्रत्येकाला रबर बँडने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर पिन. साहेब बैठकीत असतात, दौऱ्यावर असतात, काम अडतं, म्हणून ही सोय. म्हणजे चार अधिकाऱ्यांच्या सह्या चौदा हजार पगाराच्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये. कंपनीत माझा पासवर्ड कुणी कागदावर लिहिलेला पाहिला असता तर मी गदारोळ केला असता. इथे पहिल्या आठवड्यात पाहिलं, मनात आलं की हे चूक आहे, आणि गप्प बसलो. नवीन होतो, कंत्राटी होतो, वाईटपणा नको होता. असे चार महिने गेले.

मग एक निविदा आली. दोन गल्ल्यांतले अंतर्गत रस्ते आणि बंदिस्त गटार. त्यातली एक गल्ली आमच्याच मोहल्ल्यातली. तिथे माझी खाला राहते, पावसाळ्यात तिच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येतं. प्री-बिड बैठकीत ठेकेदारांनी विचारलं की गटारावरचे ढापे कुठे आहेत? अंदाजपत्रकात ते राहून गेले होते. ठरलं की ढापे घ्यायचे, शुद्धिपत्रक काढायचं, मुदत वाढवायची आणि दर भरायची फाइल बदलायची. तिला सगळे बीओक्यू म्हणतात.

शुद्धिपत्रकाच्या दिवशी मी मामेबहिणीच्या निकाहला होतो. ऑपरेटरचा फोन आला, "सर, मसुदा झालाय, बघता का?" मी म्हणालो, "बरोबर असेल, टाकून दे." त्याने ड्रॉवरमधून अभियंता साहेबांचं टोकन काढलं आणि टाकलं. मुदत वाढली, पत्रात ढाप्यांचा उल्लेख आला, पण बीओक्यूची नवी फाइल चढवायची राहिली.

निविदा उघडल्यावर घोळ बाहेर आला. एका ठेकेदाराने ढाप्यांचा खर्च गटाराच्या दरात मिळवला होता. दुसऱ्या दोघांनी मिळवला नव्हता. तुलना कशाची कशाशी करायची? एकाने लेखी तक्रार केली आणि त्याची तक्रार बरोबर होती.

वर चौकशी सुरू झाली. पोर्टलच्या नोंदीत दिसत होतं की शुद्धिपत्रक अभियंता साहेबांच्या सहीने प्रसिद्ध झालं. साहेब त्या वेळी दुसऱ्या गावी बैठकीत होते आणि त्या बैठकीच्या हजेरीपटावर त्यांची सही होती. मग मार्ग निघाला. ऑपरेटरला एक टाइप केलेला कागद दिला गेला. त्यात लिहिलं होतं, 'मी परवानगीशिवाय साहेबांचे टोकन वापरले.' त्याला सांगितलं, सही कर, एजन्सी तुला दुसरीकडे लावेल, प्रकरण मिटेल.

तो मुलगा रात्री साडेनऊला माझ्या घरी आला. सोबत त्याची आई. ती दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, याला इंग्रजी कागद नीट कळत नाही. सही केली तर काय होईल, तेवढं सांगा." मी कागद वाचला. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्या कागदावर सही म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने दिलेली कबुली. मी म्हणालो, "सही करू नकोस."

ते गेल्यावर मला झोप लागली नाही. सही करू नकोस म्हणणं सोपं होतं. पण त्याने केली नाही तर चूक कुणाची? अम्मीला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

सकाळी मी फाइलवर टिप्पणी लिहिली. मॅडम म्हणाल्या होत्या तसं, तारीख घालून. टोकनं आणि पिन ड्रॉवरमध्ये असतात, ही कक्षाची पद्धत आहे. ती मला चार महिन्यांपासून माहीत आहे आणि मी ती बदलली नाही. मसुदा तपासणं माझं काम होतं. मी तो न पाहता फोनवर संमती दिली. ऑपरेटरने वरिष्ठाच्या सूचनेने काम केलं. समान पायावर तुलना शक्य नसल्याने निविदा रद्द करून पुन्हा काढावी. सही केली आणि फाइल वर पाठवली.

पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की खरं बोललं की हारतुरे मिळतात. मला लेखी ताकीद मिळाली. निविदा रद्द झाली. नव्या निविदेला वेळ गेला आणि काम पावसाळ्याआधी सुरू होऊ शकलं नाही. त्या वर्षीही खालाच्या उंबऱ्याला पाणी लागलं. मोहल्ल्यातले एक चाचा जुम्म्याच्या नमाजनंतर सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, आपला माणूस आत बसवून काय फायदा झाला आपल्याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एकाने हळूच विचारलं, "तो ऑपरेटर आपला होता का?" मी म्हणालो, "नव्हता. माझ्या कक्षातला होता."

याच मोहल्ल्यातून आधी एक तरुण ठेकेदार माझ्याकडे आला होता. "भाई, तीन ठेकेदारांचे दर काय येतील त्याचा अंदाज दे, एवढंच." मी नाही म्हणालो, तेव्हा तो रागावून गेला. नंतर मला वाटलं, नुसतं नाही म्हणून भागत नाही. त्याला बोलावून मी सांगितलं की दर सांगणार नाही, पण जी माहिती सगळ्यांसाठी खुली आहे ती कशी वाचायची ते शिकवतो. नोंदणी कशी करायची, टोकन कसं घ्यायचं, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी ठरावीक कामं राखीव असतात ती कुठे पाहायची. हेच मी कक्षाबाहेर फलकावर लावलं, म्हणजे कुणालाही वाचता येईल. 'आपला माणूस' आत असण्याचा फायदा हाच आणि एवढाच असला पाहिजे. तो सगळ्यांना सारखा मिळायला हवा.

त्या प्रकरणानंतर कक्षात तीन गोष्टी बदलल्या. पहिली, टोकनं ज्याची त्याच्याकडे गेली. पहिला महिना कामं अडली, बोलणी खावी लागली. मग साहेब लोकांनी टोकनसाठी रोज अर्ध्या तासाची वेळ ठरवली आणि गाडी रुळावर आली. दुसरी, शुद्धिपत्रकासाठी दहा प्रश्नांची एक पानाची यादी केली. बीओक्यू बदलली का, हा त्यातला पहिला प्रश्न. ती यादी मी नाही, ऑपरेटरने तयार केली, कारण कुठे पाय घसरतो हे त्यालाच ठाऊक. तिसरी, आवक-जावक नोंद. राज्याचा २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो की फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. आम्ही प्रत्येक फाइलची तारीख फळ्यावर लिहू लागलो, माझ्या टेबलाचीही. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जुनी फाइल माझ्याच टेबलावर निघाली.

मुदत संपल्यावर माझं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण दिलं नाही, मीही विचारलं नाही. मी पुन्हा कंपनीत आहे. तो ऑपरेटर अजून तिथेच आहे. गटारही झालं, ढाप्यांसकट.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी.

तुमच्यातल्या कुणी अशा कार्यालयात जाणार असेल, तर जरूर जा. पण हाताखालच्या माणसांवर देखरेख म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणं नाही, हे मला उशिरा कळलं. सर्वात कमी पगाराच्या माणसाच्या गळ्यात सर्वात मोठी जोखीम पडत नाही ना, हे आधी पाहा. पडत असेल तर ती पद्धत बदला. मी चार महिने थांबलो, तुम्ही थांबू नका.

आणि जे जाणार नाहीत, त्यांनी निदान गल्लीतलं काम वाचायला शिका. निविदा पोर्टलवर खुली असते. त्यात किती मीटर, किती जाडी, किती मुदत हे लिहिलेलं असतं. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. कामाची प्रत्यक्ष पाहणी मागता येते, वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आहे. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे आपल्या घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

त्या चाचांना मी परवा भेटलो. म्हणालो, "चाचा, तुमच्या गल्लीच्या कामाचा करारनामा घेऊन येतो, सोबत बसून वाचू." ते म्हणाले, "मराठीत आहे ना? मग आण." येत्या रविवारी आम्ही बसतोय. तुम्हीही आपापल्या गल्लीत बसा.