पुरुषांच्या गालासाठीं घरगुती माल



वसई तालुक्याच्या समुद्रकाठीं भुईगांव आहे. नारळ, केळीं व फुलें यांच्या वाड्यांचा हा टापू; येथील माल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारांत गेला. आतां वाडींतल्याच नारळाचें तेल, कोरफड आणि जोडीला तुरटी घेऊन पुरुषांच्या दाढीसाठीं व त्वचेसाठीं घरगुती माल करावा व विकावा, असा विचार कोणी करीत असेल तर त्याच्याशीं मला थोडें बोलावयाचें आहे.

पुरुष हें गिऱ्हाईक मोठें चमत्कारिक. तो रोज आरशापुढें उभा राहतो, पण तोंडास कांहीं लावतों असें चारचौघांत कबूल करीत नाहीं. न्हाव्यानें गालावर फिरविलेला तुरटीचा खडा मात्र त्यास चालतो, कारण तें दाढीचेंच अंग समजलें जातें. म्हणून मालाचें नातें सौंदर्याशीं न जोडतां वस्तऱ्याशीं जोडावें. तुरटी कातडी आकसविते, त्यामुळें बारीक जखमेचें रक्त थांबतें. मग ताणलेल्या गालास तेलाचा हात बरा वाटतो.

परंतु येथेंच खरी जबाबदारी आहे. वस्तरा फिरलेला गाल म्हणजे अर्धवट सोललेला गाल. निसर्गाचें तें निरुपद्रवी, हा समज फसवा आहे. लिंबाचा रस लावून उन्हांत गेल्यास कातडीवर फोड येतात व मागें काळे डाग राहतात. कोरफडीचें पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो कित्येकांच्या अंगास खाज आणतो. तो निथळूं देऊन मगच गर काढावा. आणि हा गर बाटलींत भरून ठेवला तर थोड्याच दिवसांत नासतो, कारण त्यांत बहुतेक पाणीच. पाणी आलें कीं बुरशी व जंतु आलेच. तें टिकविण्यास संरक्षक द्रव्य अचूक मापानें घालावें लागतें, आणि मग तें स्वयंपाकघरांतलें काम राहत नाहीं. माझें मत स्पष्ट सांगतों: आरंभ निर्जल मालानें करावा. कडक वाळलेल्या खोबऱ्याचें तेल, त्यांत मेण वितळवून केलेलें मलम, घासून गुळगुळीत केलेला तुरटीचा खडा, एवढें पुरे.

विक्रीसाठीं प्रसाधन तयार करणाऱ्यास २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यांत आपला माल करून घेण्याची सोयहि आहे. शब्दहि जपून वापरावे. ‘पुटकुळ्या बऱ्या होतात’ असें लिहिलें कीं तें प्रसाधन न राहतां औषध ठरूं लागतें, आणि औषधाचा परवाना निराळा. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं परळ येथें घरगुती प्रमाणावर आरंभलेल्या ‘विको’चें उदाहरण घ्या. दंतमंजन दारोदार विकून वाढलेल्या या संस्थेस पुढें हळदीचें मलम औषध कीं प्रसाधन, या प्रश्नावर अबकारी खात्याशीं वर्षानुवर्षें भांडावें लागलें. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व निकाल औषधाच्या बाजूनें लागला. त्यांच्यापाशीं वकील होते, वाडीवाल्यापाशीं नसतात.

परवाना हातीं आल्यावर पहिल्या बाटल्या ओळखीच्या माणसांना द्याव्या, पण गालास लावण्यापूर्वीं कोपराच्या आंतल्या बाजूस एक दिवस लावून पाहण्यास सांगावें. बाटलीवर तारीख व घटक लिहावे. हिंवाळ्यांत कोणी रागावून येईल, तेल गोठलें, यांत भेसळ आहे, म्हणेल. खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतेंच. त्यास बाटली घटकाभर उन्हांत ठेवावयास सांगा.