‘मला माहीत नाही’ म्हणता येईल अशी जागा

(बंगळुरूतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गटाला दीड वर्ष झालं. यादीत 34 नावं आहेत, रविवारी पंधरा-सोळा जण येतात आणि बोलतात चार-पाच. त्या चार-पाचांत मीही आहे. बाकीच्यांना मतं नाहीत, असं कुणी समजू नये. बैठक संपल्यावर दर्शिनीत उभ्यानं कॉफी घेताना तीच मंडळी तासभर वाद घालतात. मग बैठकीतच तोंड का मिटतं?

आपल्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. वर्गात आपण प्रश्न विचारला की प्रश्नासोबत आपलीही परीक्षा होते. इंग्रजी अडखळलं की मागच्या बाकावरून ‘कोटा’ हा शब्द ऐकू येतो. सवर्ण मुलाचा प्रश्न चुकला तर तो त्याच्यापुरता चुकतो. आपला चुकला तर शिक्का साऱ्या समाजावर बसतो. म्हणून आपण गप्प राहायला शिकलो. ही सवय तिकडे आपल्याला वाचवते, पण इथे ती आपलंच नुकसान करते.

एक उदाहरण त्या मित्राला विचारूनच सांगते. त्याची फेलोशिप पाच महिने अडकली होती, कारण एका कार्यालयात एक कागद पुढे सरकत नव्हता. तो दर रविवारी यायचा, मागे बसायचा, उसनवारी करून खोलीचं भाडं भरायचा. आपल्यातल्या तिघांनी तसलाच कागद आधी सोडवून आणला होता. त्यानं सांगितलं तेव्हा आठ दिवसांत काम झालं. पण तोवर पीएच.डी. सोडून परत येतोय, असं त्यानं घरी कळवूनही टाकलं होतं. चर्चा वाढवायची ती शोभेसाठी नाही, ती यासाठी.

आपल्या चळवळीत बोलण्याची परंपरा जुनी आहे. 1855 साली ज्ञानोदयमध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ती मांग समाजातली किशोरवयीन मुलगी. वेदांवर आमचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. तिच्याकडे पदवी नव्हती. लिहायला जागा मिळाली आणि ती लिहिती झाली.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये जातींवरचा निबंध वाचला. वय 25. रिस्ले, सेनार, केतकर अशा नावाजलेल्या अभ्यासकांशी त्यांनी त्यात मतभेद नोंदवले आणि शेवटी आपलं म्हणणंही अंतिम नाही, ते चुकीचं ठरलं तर सोडायला तयार आहोत, असं सांगितलं. पुढे 1936 मध्ये जातपात तोडक मंडळानं त्यांचं भाषण रद्द केलं, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चानं छापलं. गांधींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली, 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्या उत्तरासह छापली. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात!

पण याच बाबासाहेबांवर ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने एकट्यानं लिहून काढायची वेळ आली होती. लिहिणारे हात कमी पडले की सगळा भार एकावर येतो. एवढा मोठा माणूसही त्यातून सुटला नाही, तर आपले चार-पाच जण किती दिवस पुरणार?

म्हणून चार गोष्टी सुचवते.

एक, सुरुवात फेरीनं करू. प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही. ‘आज मी ऐकतो’ म्हणून पुढे सरकायची मुभा राहील.

दोन, जुन्यांनी शेवटी बोलायचं. पीएच.डी.वाला आधी बोलला की एम.ए.च्या पहिल्या वर्षातली मुलगी वही मिटते.

तीन, भाषा ज्याची त्याची. वऱ्हाडी, मराठवाडी, अर्धी कानडी, सगळी चालेल. इथे उच्चाराला कुणी हसलं, तर वर्ग आणि आपण यात फरक काय राहिला?

चार, कुणी बोललं की त्यावर एक तरी प्रश्न आलाच पाहिजे. धाडस करून बोललेल्या माणसाला उत्तरादाखल शांतता मिळाली, तर तो पुन्हा बोलत नाही. ‘छान’ म्हणणंही पुरेसं नाही. मतभेद असेल तर सरळ मांडा, पण तो मुद्द्याशी असू द्या, माणसाशी नको.

यानं सगळे लगेच बोलू लागतील, असं नाही. काहींना वर्ष लागेल, लागू द्या. मात्र ‘मला हे माहीत नाही’ असं न लाजता म्हणता येईल, अशी या शहरात आपल्याला एक तरी जागा हवी. पुढच्या रविवारी आपण 1916 चा तो निबंध वाचायला घेतोय. येताना न समजलेला एक परिच्छेद खुणेसह घेऊन या. सुरुवात तिथूनच करू.

जय भीम!