दोन वडापावांचा चिरूट

इअरफोन लावून तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकला असाल तर बरंच आहे, वेळ आहे तुमच्याकडे. आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. मागच्या वेळी आपण टपरीवरच्या चहाला मार्क दिले होते. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, स्वस्तातला कडक सिगार ट्राय कर ना." केला. काय झालं ते सांगतो.

आधी एक गोष्ट. अठरा वर्षांच्या आतल्यांनी हा एपिसोड इथेच बंद करा. आणि ब्रँडचं नाव मी घेणार नाही. २००३ च्या कोटपा कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि मला कोणाची जाहिरात करायचीही नाही.

तर, आमच्या गाळ्याशेजारी काम करणारा एक मित्र तिरुचिरापल्लीचा. सुट्टीवरून येताना त्याने पाच चिरूट आणले. एक पडला साधारण दोन वडापावांच्या किमतीला. क्युबाचा एकच सिगार हजारांच्या पुढे जातो, तेव्हा 'स्वस्तातला' ही अट तरी पूर्ण झाली.

चिरूट हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असायचा ना? तो मूळ तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेलं. इंग्रजांनी त्याचा चेरूट केला, आपण चिरूट. तिरुचिरापल्लीचे चिरूट एवढे प्रसिद्ध होते की १८८७ च्या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत होम्स नुसती राख बघून सांगतो, खुनी त्रिचनापल्लीचा सिगार ओढत होता. आणि साध्या सिगारचं एक टोक बंद असतं, ते कापावं लागतं. चिरूट दोन्हीकडून उघडा. कटर नको, काही नको. गरिबाचं काम सोपं.

आता 'फुल बॉडी' म्हणजे काय? इथे बहुतेक लोक घोळ घालतात. मामलेदारची मिसळ खाल्लीय ना? तिथे रस्सा दाट असणं वेगळं आणि तिखट असणं वेगळं. धुराचंही तसंच. तोंडात धूर किती भरगच्च लागतो, चव किती वेळ रेंगाळते, ती झाली बॉडी. निकोटीन किती चढतं, ती ताकद. दोन्ही एकत्र आले की माणसाची वाट लागते. त्याचा अनुभव पुढे येतोच.

ऑफिसात, गाळ्यात ओढणं कायद्याने बंद आहे, म्हणून मी गेलो सावरकर नगरला, आमच्या अण्णांच्या घरी. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली, वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. अण्णांनी इथेच तीसेक वर्षं लेथ चालवली. तंबाखू-चुना मळत. सहा वर्षांपूर्वी गालाचं ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा जबड्याचा तुकडा काढला. आता तोंड दोन बोटं उघडतं. घास बारीक करून खातात.

मला वाटलं होतं ते शिव्या घालतील. त्यांनी चिरूट हातात घेतला, उजेडात धरला, कानाजवळ नेऊन दोन बोटांनी हलकेच दाबला. मग नाकाखाली.

म्हणाले, "सर्दावलाय रे हा. पावसात असाच उघडा ठेवलास ना?"

बरोबर होतं. सिगारला हवेत साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता लागते. जुलैत ठाण्यात ऐंशीच्या वर सहज जाते. मग पान फुगतं, धूर ओढला जात नाही, एकीकडूनच जळतं, आणि आठवडाभरात बुरशी. जळगावच्या उन्हात ठेवलात तर उलट, पान पापडासारखं फुटेल. वर उकाड्यात तंबाखूतली कीड अंड्यातून बाहेर येते आणि बारीक भोकं पाडते. मी दोन दिवस स्टीलच्या डब्यात कोरड्या तांदळासोबत ठेवून परत गेलो. शास्त्रशुद्ध पद्धत नाही, पण चाललं.

अण्णा पुढे म्हणाले, "वास गुळाच्या ढेपेचा आहे. खाली गोठा. आणि अगदी शेवटी लोखंडाचा कीस, कूलंट लागलेला."

मंडळी, इंग्रजी रिव्ह्यू वाचा. लेदर, सीडर, कोको लिहिलेलं असतं. मी सीडरचं झाड आयुष्यात पाहिलेलं नाही. लेथखालच्या किसाचा वास मात्र वागळेतलं शेंबडं पोरही ओळखेल. कशाचीही चव सांगायची तर आपल्याच आठवणीतल्या वासांनी सांगा, असं माझं मत झालंय.

पेटवला. काडीने, आणि गंधक जळून गेल्यावर. लायटरमधल्या पेट्रोलचा वास पानात बसतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका, घाई केली की तापतो आणि कडू होतो.

पहिला भाग: मिरपूड, जिभेच्या टोकावर झणझणीत. मग भाजलेल्या शेंगदाण्याचं साल. धूर खरंच दाट, गाल भरून. राख काळपट आणि पापुद्र्यांची, होम्स खोटं बोलला नव्हता! मधला भाग सगळ्यात चांगला. तिखटपणा उतरला आणि करपलेल्या गुळाची गोडी आली. इथे मी मनात साडेसात मार्क दिले होते.

आणि मग हात थंड पडले. कपाळावर घाम, पोटात ढवळून आलं. मी सकाळपासून चहावर होतो, तो मूर्खपणा. पण मुख्य कारण दुसरं. सिगारच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन छातीत न ओढताही तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं. 'मी कुठे आत घेतो' असं म्हणणाऱ्यांनी हे ऐका. ज्या अस्तरातून ते जातं, तिथेच कॅन्सरही होतो. सिगरेटपेक्षा सिगार सुरक्षित, हे साफ खोटं आहे.

अण्णांनी काही न बोलता गूळ-पाणी आणून दिलं. मी कठड्याला टेकून बसलो. त्यांनी माझ्या हातातला अर्धा चिरूट घेतला. मला वाटलं विझवतील. त्यांनी तो नाकापाशी धरला, डोळे मिटले, बराच वेळ. काकू दारात उभी होती, ती काही बोलली नाही. मग त्यांनी तो कुंडीच्या मातीत खुपसला आणि म्हणाले, "चांगला माल आहे. परत आणू नकोस या घरात."

तर मार्क. बांधणी सहा, पान जाड आणि शिरा उठलेल्या. जळणं पाच, त्यात माझा हलगर्जीपणा धरला आहे. चव साडेसात. पैशाच्या मानाने आठ, दुसरं काही सांगितलं तर खोटं होईल. पुन्हा घेईन का? नाही.

चार उरले होते. मित्राला परत दिले. तो म्हणाला, "घाबरलास काय?" मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी किसन नगरच्या कोथिंबीर वडीला मार्क देतोय. अण्णाही येणार आहेत. त्यांच्यासाठी कुस्करून घ्यायची, नाक मात्र त्यांचं वापरायचं. भेटू!