रोप घेण्याआधी फूल ओळखा
(पनवेल येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आजचा विषय मसाल्याच्या झाडांच्या वनस्पतिशास्त्राचा आहे. नाव जड वाटते, पण हे शास्त्र तुमच्या सात-आठ वर्षांच्या हिशेबाचे आहे, म्हणून कान देऊन ऐका.

आपल्या भागात जमीन किती उरली हे मी सांगायला नको. १९७० नंतर नवी मुंबईसाठी भातखाचरे गेली, मग रस्ते आले, विमानतळ आला. ज्याच्याकडे माडा-पोफळीची वाडी राहिली आहे, त्याच्याकडे ती गुंठ्यांत मोजायची आहे. मसाल्याचा घाऊक बाजार मात्र वाशीला, हाकेच्या अंतरावर. तेव्हा माडाच्या सावलीत जायफळ, पोफळीवर मिरी, कडेला दालचिनी लावावी हा विचार बरोबर आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने अशाच मिश्र लागवडीला 'लाखीबाग' नाव दिले. प्रश्न लावायचे की नाही हा नाही. नर्सरीच्या दारात उभे राहून काय विचारायचे, हा आहे.

त्यासाठी आधी एक गोष्ट ठरवून घ्या. या झाडाचा कोणता भाग आपण विकणार? हळदीचे, आल्याचे जमिनीतले खोड विकतो. दालचिनीची साल विकतो. मिरीचे फळ विकतो. जायफळाचे बी विकतो आणि बीवरची लाल जाळी, म्हणजे जायपत्री, वेगळी विकतो. कोकमात रातांब्याची साल विकतो. जिथे फळ किंवा बी विकायचे, तिथे पहिला प्रश्न फुलाचा.

आता फुलाकडे या. आपल्या माडाच्या एकाच पोयीत नराची फुले आणि मादीची फुले असतात. म्हणून प्रत्येक माड नारळ देतो. ताडाचे तसे नाही. ताडात नर झाड वेगळे, मादी वेगळे. ताडगोळे मादीलाच लागतात. पपईतही नर-मादीची भानगड आहे, पण पपई काही महिन्यांत फुलते, नर झाड उपटून टाकले की संपले.

जायफळ आणि कोकम ही ताडाच्या जातीची नव्हेत, पण रीत तीच. नर झाड वेगळे, मादी वेगळे. एखाद्या झाडावर दोन्ही फुले दिसतात, तो अपवाद. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. आणि जायफळाच्या रोपाला पहिले फूल यायला पाच ते आठ वर्षे लागतात. कोकमाच्या रोपाचीही तीच तऱ्हा.

हिशेब करा. वीस रोपे लावली. सात वर्षे शेणखत घातले, उन्हाळ्यात पाणी दिले, तण काढले. आठव्या वर्षी कळले की दहा नर आहेत. परागासाठी दहा मादी झाडांमागे एखादे नर पुरते. म्हणजे एक-दोन सोडून बाकीची आठ-नऊ झाडे पोसली ती फुकट. पैसे गेले ते गेले. वाडीतली ती जागा आणि आयुष्यातली सात वर्षे कोणी परत देत नाही. लोक त्या झाडाला वांझ म्हणतात, पायगुणाला दोष देतात. झाड वांझ नाही. ते नर आहे, आणि विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते, कारण बीच्या रोपात ते त्यालाही ठाऊक नसते. पान पाहून, बीचा आकार पाहून नर-मादी सांगणारे भेटतील. शेतावर भरवसा ठेवावा अशी एकही खूण त्यांच्याकडे नाही.

यावर उपाय कलमाचा. फळ देणाऱ्या मादी झाडाची काडी खुंटावर बांधली की ते कलम मादीच राहते, आणि फळही लवकर धरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाचा 'कोकण अमृता' आणि जायफळाचे 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' असे वाण दिले आहेत. पण कलमातही एक मेख आहे. जायफळाच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आडवेच पसरते. सरळ वर जाणाऱ्या फांदीची काडी बांधली तर झाड उभे वाढते. म्हणून कलम मादीचे आहे का, एवढे विचारून भागत नाही. काडी कोणत्या फांदीची, हेही विचारा.

ज्यांच्याकडे मोठी नर झाडे उभी आहेत, त्यांनी लगेच कुऱ्हाड उचलू नये. जायफळाचे नर झाड वरून छाटून नव्या धुमाऱ्यांवर मादीची काडी बांधता येते. मुळे तयार असतात, वर्षे वाचतात.

मिरीची गोष्ट निराळी. रानातल्या मिरीत नर वेल, मादी वेल वेगळे सापडतात. लागवडीच्या बहुतेक जातींत मात्र एकाच फुलात दोन्ही अंगे असतात, म्हणून तिथे नराची भीती नाही. केरळातल्या पन्नियूर केंद्राने उथिरनकोट्टा आणि चेरियाकणियक्काडन या दोन जातींचा संकर करून १९७१ मध्ये 'पन्नियूर-१' दिली, ती आपल्याकडेही रुजली. मिरीत विचारायचा प्रश्न फांदीचा. बुंध्याशी जमिनीवर धावणाऱ्या फुटव्यांची रोपे केली तर वेल पोफळीवर चढतो. फळधारी आडव्या फांदीची रोपे केली तर वेल चढतच नाही. झुडूप होते, कुंडीत शोभते आणि लवकर घोस धरते. दोन्ही उपयोगी. पण पोफळीसाठी झुडूप मिरी नेली तर ती पाच वर्षांनीही पायाशीच बसलेली दिसेल.

हळद आणि आले यांत बीचा प्रश्नच येत नाही. कंदच लावतो, त्यामुळे पीक बेण्याची हुबेहूब नक्कल. गुण येतात तसा कंदकुजीचा रोगही बेण्यातूनच येतो. तिथे प्रश्न एकच: बेणे कोणाच्या शेतातले, आणि ते पीक उभे असताना तुम्ही पाहिले का? दालचिनीत साल विकायची, म्हणून आईझाडाच्या सालीची चव घ्या. खऱ्या दालचिनीची साल पातळ, पदर पदर गुंडाळलेली. बाजारात तिच्या नावावर खपणारी कॅशिया जाड आणि टणक.

रोप ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात, हे व्यापारी फार पूर्वी शिकले. जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. १६२१ मध्ये डच कंपनीने ती बेटे जिंकली, तिथल्या बहुतेक रहिवाशांना मारले, हाकलले किंवा गुलाम केले. निर्यातीचे जायफळ चुन्यात बुडवून पाठवीत, म्हणजे ते दुसरीकडे कुठे रुजू नये. १६६७ च्या तहात त्यांतले रन हे छोटे बेट डचांनी पक्के केले आणि मॅनहॅटनवरचा इंग्रजांचा ताबा मान्य केला. एवढी किंमत त्या एका बीची होती. आज ते बी आपल्या वाडीत रुजते, कोणी चुना लावत नाही. पण कोणते रोप आपण आणले हेच आपल्याला माहीत नसेल, तर आपणच आपल्या हाताने चुना लावून घेतला असे होईल.

फळरोपवाटिकांच्या परवान्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा कायदा आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात तर असे म्हटले आहे की, नोंदणी झालेल्या वाणाचे बियाणे किंवा रोप विकताना त्यापासून काय अपेक्षित आहे ते शेतकऱ्याला सांगावे, आणि तसे न आल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो. पण भरपाई मागायला कागद लागतो. बिनपावतीचे रोप म्हणजे बिनपुराव्याचा दावा.

तेव्हा आज इथून जाताना पावतीवर लिहून घ्यायच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. बीचे रोप की कलम. कलम असेल तर नर की मादी. काडी उभ्या फांदीची की आडव्या. आणि आईझाड कोणते, कुठे आहे. विकणारा लिहून देत असेल तर चार पैसे जास्त द्या. लिहून देत नसेल तर रिकाम्या हाताने परत या. एक पावसाळा गेला तरी चालेल, सात जायला नकोत. गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून रोपे आणली तर विचारायला बळ येते, आणि गावाला मिळून लागणारी दोन-चार नर झाडे कोणाच्या बांधावर ठेवायची हेही बसून ठरवता येते.