गंजलेली कुदळ फेकू नका
(दिघाशीच्या बैठकीतलं भाषण)



पाऊस जवळ आला. वीटभट्ट्या बंद होतील. दिवाळीनंतर गेलेली माणसं घरी येतील, तर कुडाला खोचलेला विळा न् कोपऱ्यातली कुदळ गंजलेली. मग काय करतो आपण? मालकाकडून उचल घेतो, नवी आणतो. तीच उचल पुढच्या दिवाळीला आपल्याला परत भट्टीवर नेते.

गंज बहुतेक वरवरचा असतो, आत लोखंड चांगलं असतं. चिंच कोळून त्या पाण्यात पातं रात्रभर बुडवा. सकाळी विटेच्या तुकड्यानं घासा, विटा काय आपल्याला नव्या नाहीत! गंज उरला तर पुन्हा बुडवा. मग राखेच्या पाण्यानं धुवा, आंबट राहिलं की दुसऱ्या दिवशी परत गंज चढतो. उन्हात वाळवा, तेल लावा, करंजाचंही चालतं. एक काम करू नका: गंज जाळायला विळा विस्तवात घालू नका. लोहारानं दिलेलं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही.

धारेला कानस लागते. ती घरटी कशाला? पाड्याला एक पुरते.

आणि जुन्या उचलीसाठी कोणी बांधून ठेवत असेल, तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्यानं ती बंद झाली, तिचं कर्जही रद्द झालं. असा कोणी असेल तर आजच नाव सांगा, प्रांताकडे अर्ज देऊ.

रविवारी सकाळी सगळ्यांनी हत्यारं घेऊन इथंच या. बायांनी खुरपी आणायची विसरू नका.