भरती, पाऊस आणि दरवाज्याची वेळ



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापुढे कोणत्याही शहराची व्यवस्था कोलमडली असती. मला काळजी वाटते ती दरवर्षीच्या पावसाची. मुंबईतल्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी पडेल, असे धरून बांधलेल्या. त्या समुद्राला मिळतात तिथली अनेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. जोरदार सर आणि मोठी भरती एकदम आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही.

हिंदमाता परिसरात तुंबणारे पाणी आता दादर-परळच्या मोकळ्या जागांखालील टाक्यांत साठवतात आणि भरती ओसरल्यावर सोडतात. चांगलेच झाले. पण पुढची सर येण्याआधी टाकी रिकामी हवी, आणि नेमके इथेच संवेदक उपयोगी पडतात. टाकीतली पातळी, समुद्राची पातळी आणि रडारवर दिसणारा पाऊस ही तिन्ही माहिती एकत्र आली, तर पंप कधी चालवायचे आणि पातमुखावरचा दरवाजा कधी बंद करायचा, हे पाणी रस्त्यावर येण्याआधी ठरवता येते. अमेरिकेतल्या साउथ बेंड शहराने गटारांत शंभराहून अधिक संवेदक आणि आपोआप हलणाऱ्या झडपा बसवल्या. आहे त्याच वाहिन्यांतली रिकामी जागा वापरून नदीत वाहून जाणारे मैलामिश्रित पाणी त्यांनी खूपच कमी केले.

तिथले यश इथे जसेच्या तसे येणार नाही. आपल्या नाल्यांतून गाळ आणि प्लास्टिक वाहते. तरंगत्या कचऱ्यालाच संवेदक पाण्याची पातळी समजतो. ऐन पावसात वीज जाते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे, यंत्रांबरोबर माणसांबद्दलही बोला. रात्री तीन वाजता दरवाजा उघडण्याचा अधिकार कोणाचा? यंत्रणा बंद पडली तर हाताने चाक फिरवणारा माणूस तिथे असेल का? आणि पातळीचे आकडे सखल भागातल्या दुकानदारापर्यंत वेळेत पोहोचतील का?

पहिल्या सत्राची सुरुवातीची वेळ आम्ही उदंचन केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. सादरीकरणे त्यांच्यानंतर होतील.  अध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.