आश्रय नव्हे, तरतूद

(कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालमीच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्याने आयुष्यभर वर्गात अर्थशास्त्र शिकविले आणि हौद्यात कधी पाय ठेवला नाही, अशा माणसास आपण आज बोलावलेत, ह्याबद्दल मी आपला आभारी आहे. कुस्तीतील डाव-पेचांविषयी मी आपणांस काही सांगावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मी पैशाविषयी बोलणार आहे. महासाथीच्या दोन वर्षांत सरकारी खजिन्याने लोकांच्या खेळांसाठी काय केले, काय केले नाही, आणि पुढच्या संकटाआधी आपण काय मागून घेतले पाहिजे, एवढाच माझा विषय आहे.

२५ मार्च २०२० हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या दिवशी गुढी पाडवा होता. शहरातील माणसाला हा योगायोग फार तर चुटपुट लावून गेला असेल. तालमीतील माणसाला त्याचा अर्थ वेगळा होता. शेतकऱ्याला जशी सुगी, तसे मल्लाला चैत्र-वैशाख. गावोगावच्या जत्रा, जत्रेतले मैदान, गावाने वर्गणी काढून लावलेले इनाम, ह्यांवर त्याचा वर्षाचा खुराक उभा राहतो. त्या पाडव्याला ही सुगी उभीच्या उभी बुडाली. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. लागोपाठ दुसरी सुगीही गेली. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. त्यानंतरची स्पर्धा साताऱ्यात भरावयास एप्रिल २०२२ उजाडावा लागला.

ह्या काळात तालमीत काय घडले, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. वळकटी बांधून पोरे गावी गेली. दूध, तूप, बदाम ह्यांचा खर्च घरच्यांना झेपेना, कारण घरचेच उत्पन्न थांबले होते. जो गडी सकाळी हजार बैठका मारी, तो दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊ लागला. रोजगारात कमीपणा काहीच नाही. पण मजुरीवरून परतलेल्या शरीराला मेहनतही नाही आणि खुराकही नाही, अशी दोन वर्षे गेली की विसाव्या वर्षीचा मल्ल बाविसाव्या वर्षी मल्ल राहत नाही. हौद्यातील मातीचेही तसेच आहे. ताक, तेल, हळद घालून ती रोज उकरावी लागते, तिच्यावर अंगे घासावी लागतात. पडून राहिली तर ती दगड होते. माणूस आणि माती, दोन्ही वापराने टिकतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तालमी बंद ठेवण्याचा निर्णय चूक होता, असे मी म्हणत नाही. अंगाला अंग भिडल्याशिवाय कुस्ती होत नाही, आणि श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात ती चालू ठेवणे हा अविचार ठरला असता. बंदी सर्वांच्या हितासाठी होती. माझा प्रश्न एवढाच आहे की, जी बंदी सर्वांच्या हितासाठी होती, तिची किंमत काही थोड्यांनीच का मोजावी? सार्वजनिक रस्त्यासाठी एखाद्याची जमीन घेतली, तर सरकार मोबदला देते. तो पुरेसा असतो की नाही, हा वाद वेगळा. पण मोबदल्याचे तत्त्व आपण मान्य केले आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्याची रोजी बंद केली, तर ते तत्त्व कोठे जाते?

आता खजिन्याकडे वळू. केंद्राच्या युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयासाठी २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात २,८२६.९२ कोटी रुपये धरले होते. वर्ष संपत आले तेव्हा सुधारित अंदाजात ही रक्कम १,८००.१५ कोटींवर आली. तळागाळातून खेळाडू घडविण्यासाठी म्हणून ज्या ‘खेलो इंडिया’ योजनेचा गाजावाजा होतो, तिची तरतूद ८९०.४२ कोटींवरून ३२८.७७ कोटींवर उतरली. म्हणजे एका योजनेतच साडेपाचशे कोटींहून अधिक रक्कम कापली गेली. सरकारचे स्पष्टीकरण समजण्यासारखे आहे: शिबिरे झाली नाहीत, स्पर्धा झाल्या नाहीत, मग खर्च कशावर करावयाचा? हिशेबनिसाच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते उलटे आहे. मैदाने बंद झाली म्हणून पैसा वाचला. आणि मैदाने बंद झाली म्हणूनच मैदानावर जगणाऱ्यांना पैशाची सर्वाधिक गरज होती. वाचलेला पैसा आणि निर्माण झालेली गरज, ह्या एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या. खजिन्याने पहिली बाजू तेवढी पाहिली.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. एप्रिल ते जून २०२० ह्या तिमाहीसाठी ‘खेलो इंडिया’त निवडलेल्या २,७४९ खेळाडूंना प्रत्येकी तीस हजार रुपये भत्ता मंजूर झाला, ही रक्कम सुमारे सव्वाआठ कोटी होते. त्या खेळाडूंना तो मिळाला, हे चांगलेच झाले. पण हा आकडा नीट पाहा. तो निवड झालेल्यांचा आहे. ज्याचे नाव आधीपासून सरकारी यादीत होते, त्याच्यापर्यंत पैसा पोहोचला. एकशे तीस कोटींहून अधिक लोकांच्या देशात ती यादी पावणेतीन हजारांची होती. गावच्या तालमीतील पोरगा, चाळीच्या अंगणात कबड्डी खेळणारी मुलगी, संध्याकाळी विनावेतन मुलांना खो-खो शिकविणारा शिक्षक, ह्यांची नावे कोणत्याच यादीत नव्हती. त्यांना मदत नाकारली गेली, असेही म्हणता येत नाही. नाकारण्यासाठीसुद्धा माणूस आधी दिसावा लागतो.

परदेशात काय झाले, हे पाहणे येथे उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये लोकांच्या खेळाचे काम पाहणारी ‘स्पोर्ट इंग्लंड’ ही सार्वजनिक संस्था आहे. टाळेबंदी लागून आठवडा उलटला नाही तोच, ३१ मार्च २०२० रोजी, तिने १९.५ कोटी पौंडांची योजना जाहीर केली. तीत दोन कोटी पौंड केवळ छोट्या स्थानिक क्लबांच्या तातडीच्या मदतीसाठी होते. तीनशे पौंडांपासून दहा हजार पौंडांपर्यंत. मैदानाचे भाडे, विम्याचा हप्ता, विजेचे बिल, असले साधे खर्च त्यातून भागावेत, ही कल्पना. न्यूझीलंडने मे २०२० मध्ये खेळांच्या पुनरुभारणीसाठी चार वर्षांत खर्च करावयाचे २६.४६ कोटी डॉलर बाजूला काढले.

ह्यावरून तेथे सारे आलबेल होते, असा समज करून घेऊ नये. स्पोर्ट इंग्लंडचा बराच पैसा राष्ट्रीय लॉटरीतून येतो, आणि लॉटरीचे तिकीट कोणत्या वर्गाचा माणूस आशेने विकत घेतो, हे आपणांस सांगावयास नको. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने तीस कोटी पौंडांची ‘हिवाळी’ मदत जाहीर केली. ती मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटांवर चालणाऱ्या खेळांसाठी आणि बव्हंशी कर्जरूपाने होती. तीत एकट्या रग्बी युनियनच्या वाट्याला साडेतेरा कोटी पौंड दाखविले होते. बड्यांचा आवाज तेथेही मोठाच असतो. तरीही फरक उरतोच. तेथील छोट्या क्लबाला सरकारदरबारी आधीपासून नाव-गाव होते. कालवा खणलेला होता, म्हणून पाणी सोडता आले. आपल्याकडे पाणी कमी होते हे खरेच. पण कालवाच नव्हता, हे अधिक खरे.

हा कालवा का नव्हता? त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्याची साक्ष १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान आजही देते. तो आश्रय उदार होता आणि त्याने जातीपातीच्या भिंतींना तडे दिले, हे कोणी नाकारणार नाही. पण आश्रय हा शेवटी देणाऱ्याच्या मनावर असतो. १९४९ साली संस्थान विलीन झाले. त्यानंतर तालमींना कधी सहकारी साखर कारखान्यांनी आधार दिला, कधी दानशूर व्यापाऱ्यांनी, आणि अलीकडे निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्यांनी. आश्रयदाते बदलले, आश्रयाचा प्रकार तोच राहिला.

खाशाबा जाधवांची कथा आपण अभिमानाने सांगतो. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. प्राचार्यांच्या थोरवीपुढे मी नतमस्तक आहे. पण ह्या कथेत राज्यसंस्था कोठे आहे? ज्या देशात पदकासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, त्या देशाने त्या प्रसंगाचा अभिमान बाळगताना थोडी शरमही बाळगली पाहिजे.

आज राज्यात व्यायामशाळांसाठी आणि क्रीडांगणांसाठी अनुदानाच्या योजना आहेत. मार्च २०२० मध्येच मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात तालुका क्रीडासंकुलाची अनुदान मर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर नेण्याचे जाहीर झाले. संकुले हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ह्या साऱ्या पैशाचा ओढा इमारत आणि साहित्य ह्यांकडे आहे. इमारतीचे उद्घाटन करता येते, तिच्यावर कोनशिला बसविता येते, ठेकेदार नेमता येतो. वस्तादाच्या मानधनाचे उद्घाटन होत नाही. तालीम मात्र वस्तादामुळे तालीम असते. महासाथीत इमारती शाबूत राहिल्या, मोडली ती माणसे. आणि आपल्या अर्थसंकल्पात माणसांसाठी रकाना नव्हता.

काही जण विचारतील, प्राणवायूअभावी माणसे मरत होती, तेव्हा कुस्तीचा विचार कोणाला सुचेल? प्रश्न रास्त आहे. पहिला रुपया रुग्णालयालाच, दुसरा रुपया रेशनलाच. परंतु ह्या रोगाने मधुमेह, रक्तदाब, स्थूलता असलेल्यांना अधिक जोराने गाठले, हेही आपण पाहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये, महासाथ ऐन भरात असताना, जागतिक आरोग्य संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली: प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि मुलांनी सरासरी रोज एक तास. श्रीमंताचा मुलगा हा तास घरातल्या यंत्रावर किंवा सोसायटीच्या बागेत काढील. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने तो कोठे काढावा? त्याच्यासाठी सार्वजनिक मैदान आणि तालीम हेच त्याचे आरोग्यकेंद्र आहे. रुग्णालय आजार झाल्यावर लागते. मैदान त्याच्या आधी लागते.

समाजवादी चळवळीला हे नवे नाही. १९४१ साली एस. एम. जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, तेव्हा शाखा भरे ती मैदानावर, आणि सुरुवात होई ती खेळाने. एका रिंगणात हात धरून उभ्या राहिलेल्या मुलामुलींना जात विसरावयास व्याख्यान लागत नव्हते. ते मैदान ओस पडणे हे आपल्या राजकारणाचेही नुकसान आहे. विशेषतः मुलींचे. मुलगा मैदानापासून दोन वर्षे तुटला, तर तो कधीतरी परततो. मुलगी तुटली, तर परतण्याआधी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिका ह्यांनी आपल्या हद्दीतील तालमी, व्यायामशाळा आणि खेळाची मंडळे ह्यांची नोंदवही ठेवावी. नोंद विनाशुल्क असावी, आणि तिला अट एकच: दार कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या मुलाला आणि मुलीला उघडे असेल. खेळ हा राज्यसूचीतील विषय आहे. क्रीडांगणे राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या कामांत आहेत. घटनेची अडचण नाही. दुसरी, नोंद झालेल्या प्रत्येक संस्थेला चालू खर्चासाठी दरवर्षी छोटे, पण निश्चित अनुदान मिळावे: दिवाबत्ती, माती, वस्तादाचे मानधन. त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा, म्हणजे तालीम कोणा दादाच्या खिशात जाणार नाही. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. सार्वजनिक आरोग्यासाठी जेव्हा सरकार खेळ बंद करील, तेव्हा बंदीचा हुकूम आणि मदतीचा हुकूम एकाच दिवशी निघावा. आणि खेळांच्या तरतुदीतून त्या वर्षी जी रक्कम अखर्चित राहील, ती खजिन्यात परत न जाता ह्याच मदतीकडे वळावी. ह्या शेवटच्या मागणीला नवा कर लागत नाही. ‘खेलो इंडिया’च्या त्या साडेपाचशे कोटींचा विचार करा, म्हणजे पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न उरणार नाही.

मित्रहो, आपण आजवर आश्रय मागत आलो. आश्रय मागणाऱ्याला मान खाली घालून उभे राहावे लागते, आणि मान खाली घालणे हे मल्लाला शोभत नाही. तरतूद ही हक्काने मागावयाची असते, कारण तो पैसा आपलाच आहे. बाजारातून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर आपण तो कररूपाने भरीत असतो. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपल्या तालमीचे नाव सरकारी वहीत असेल की नाही, हे मात्र आपण आज काय मागतो ह्यावर ठरणार आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. पहिली सलामी तेथे झडू द्या.